निशूच्या फ्रॉकची मागची बाजू

पुढून पाहिलं तर फ्रॉक तयार होता. गळा गोल होता, बाह्या दोन होत्या आणि दोन्ही एकाच फ्रॉकला लागलेल्या होत्या. सुरेखाच्या आजवरच्या शिवणकामात हे सगळं एकाच कपड्यात पहिल्यांदाच जमून आलं होतं. तिने तो चिंतामणी रंगाचा, जरीच्या काठाचा फ्रॉक दोन्ही हातांनी उंच धरला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बघा तरी!"

सुधीर आला. त्याने फ्रॉक पुढून पाहिला, मान डोलावली आणि मग उलटा करून पाहिला.

"मागे फाटलाय."

"फाटला नाहीये, कापलाय. डोकं जायला नको का?"

"आणि डोकं गेल्यावर बंद कसा करायचा?"

इतका पुढचा विचार सुरेखाने केला नव्हता. त्यात तिचा तरी काय दोष? महाडमधल्या एका शिवणवर्गात ती तीन महिने जाणार होती, पण गेली दीड महिना. पहिल्या दीड महिन्यात उशांचे अभ्रे आणि फ्रॉकची पुढची बाजू शिकवली. मागची बाजू दुसऱ्या दीड महिन्यात होती. तेव्हा सुरेखाला आपण रांगोळीत जास्त रमू असं वाटायला लागलं होतं. तिचं स्वतःबद्दलचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझ्या हाताला गुण आहे, फक्त तो कुठला हे अजून कळलेलं नाही."

खरं तर हा फ्रॉक शिवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुधीरची धाकटी बहीण तेजश्री कुडपणच्या घरात दिलेली. तिच्या निशिगंधाचं, म्हणजे निशूचं जावळ येत्या रविवारी कुडपणला निघणार होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं आणि आंघोळीनंतर पोरीच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते मामाकडचं. तोवर पोरीला दुसरं काही घालायचं नाही आणि पाहुण्यांनी जेवायचं नाही. एवढी रीत सगळ्यांना ठाऊक होती. मामा, म्हणजे सुधीर, बाजारातून छानसा फ्रॉक आणणारच होता. पण तेजश्रीचा फोन आला तेव्हा सुरेखा बोलून गेली, "विकतचा कशाला? मी घरीच शिवते की!" तोंडाने फ्रॉक शिवायला कितीसा वेळ लागतो? तेजश्रीने तिथल्या तिथे सासूला सांगितलं, सासूने जावेला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत मामी स्वतःच्या हाताने फ्रॉक शिवतेय ही बातमी कुडपणच्या घराघरात पोचली. आता माघार घेणं म्हणजे जन्मभर त्या घरात पाय ठेवायची चोरी.

"नाडी लावते," सुरेखा म्हणाली. "दोन बाजूंना दोन बंद. सोपं काम."

पण तेजश्रीने फोनवरूनच तो बेत मोडीत काढला. "वहिनी, नाडी नको हं. झबल्यासारखं दिसेल. फोटोग्राफर सांगितलाय आम्ही. बटणं लाव ना, फॅन्सी."

म्हणून सुरेखा बाजारात गेली आणि बदकांच्या आकाराची पिवळी बटणं घेऊन आली. बटणं लावायची तर एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढायला हवी, हे तिच्या घरी आल्यावर लक्षात आलं. तिने कापताना दोन्ही बाजू अशा काटेकोर कापल्या होत्या की त्या एकमेकींना जेमतेम भेटत होत्या. मग तिने दोन्हीकडून पट्ट्या जोडल्या. काजं करायला बसली ती दुपार गेली, संध्याकाळ झाली आणि भात करपला. पण काजं सुबक झाली. शेवटचं बदक लावून तिने शेजारच्या मंजुळाकाकूंना दाखवायला बोलावलं. मंजुळाकाकू जन्मात कधी शिवल्या नव्हत्या, पण दुसऱ्याचं शिवण त्यांना फार चांगलं कळत असे.

काकूंनी फ्रॉक उलटापालटा केला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"सुरेखा, बटणं उजव्या बाजूला."

"हो."

"आणि काजं पण उजव्या बाजूला."

सुरेखाने पाहिलं. तसंच होतं. प्रत्येक बदक आपल्याच काजाशेजारी निमूट बसलं होतं आणि डाव्या बाजूकडे कुणाचंच काही काम नव्हतं.

"म्हणजे उजवी बाजू दुमडून उजव्याच बाजूला लावायची?" काकूंनी भाबडेपणाने विचारलं.

"हो ना काकू. नवीन फॅशन आहे," सुरेखा म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर सुरेखाने कातर घेतली आणि बदकं उसवायला लागली.

तेवढ्यात पुन्हा तेजश्रीचा फोन आला. "वहिनी, बटणं लावली नाहीस ना अजून? डॉक्टर म्हणतात, गिळण्यासारखं काही अंगावर नको."

"अगं, पाठीवरची बटणं ती तोंडात कशी घालेल?"

"तिचा पाय तिच्या तोंडात जातो, वहिनी!"

"बरं झालं सांगितलंस, आत्ताच काढते," असं सुरेखा मोठ्या उदारपणे म्हणाली आणि उरलेली बदकं तिने समाधानाने उसवली. चूक निस्तरताना ती कुणाच्या तरी सांगण्यावरून निस्तरतोय असं दाखवता आलं, तर केवढा आधार वाटतो!

मग चेन आली. ही सूचना सुधीरची. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता आणि उघडझाप होणारी जगातली कुठलीही वस्तू आपल्या खात्यात येते असं त्याचं प्रामाणिक मत होतं. "चेन म्हणजे एकदम पक्कं काम. लीकेजच नाही," तो म्हणाला.

"त्यात पोरगी घालायचीय, ॲसिड नाही," सुरेखा म्हणाली. पण चेन तिने लावली. ही टीप सरळ आली. इतकी सरळ की तिला स्वतःचाच संशय आला. फ्रॉक सुलटा केला तेव्हा संशय खरा ठरला. चेनची मूठ आतल्या बाजूला गेली होती.

सुधीरने फ्रॉकच्या आत हात घालून चेन वरखाली करून पाहिली. "चालतेय की छान."

"आतून!"

"मग निशूला शिकवू. आपली आपण उघडेल."

सुरेखाने हातातली उशी त्याला फेकून मारली. चेन उसवताना कापडाचे दोन धागे निघाले, ते झाकायला एक पट्टी आली आणि पट्टीमुळे पाठ जाड झाली. हूक लावून पाहिले, तर मंजुळाकाकू म्हणाल्या, "टोचतील गं लेकराला." ते काढले. टिचबटणं लावली. ती कुठे कमी पडतात हे पाहायला सुधीरने एक अभ्रा तांदळाने भरला, तेजश्रीने फोनवर सांगितलेल्या मापाचा केला आणि त्याला फ्रॉक चढवला. अभ्र्याला फ्रॉक फार शोभला. सुधीरने त्याला हलकेच थोपटलं आणि सगळी टिचबटणं एकापाठोपाठ टपाटपा उघडली.

"प्रेशर टेस्ट फेल," सुधीरने निकाल दिला.

एव्हाना फ्रॉकची मागची बाजू बघवत नव्हती. सगळीकडे सुया टोचल्याच्या खुणा, बुजवलेली काजं आणि पट्टीवर पट्टी. सुरेखा त्या पाठीकडे बघून म्हणाली, "पुढून परकर-पोलकं घातलेली मुलगी आणि मागून गोधडी. तेजश्रीला सांगेन, पोरीला एवढंच शिकव, कुणाला पाठ दाखवू नकोस." ती हसत म्हणाली खरी, पण आत कुठेतरी तिला रडू येत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली. सासरच्या प्रत्येक कार्यात तिच्या हातून काहीतरी उलटं व्हायचं आणि मग लोक हसण्याआधी तीच हसून घ्यायची. या वेळी तिला हसायचं नव्हतं. निशूच्या अंगावर तिच्या हातचं कापड नीट बसावं आणि कुणी काही बोलू नये, एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी सुधीर कामावरून येताना चिकटणारी पट्टी घेऊन आला. एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला लवदार. दाबली की घट्ट, ओढली की चर्रकन सुटते. सुरेखाने कुठली पट्टी कुठल्या बाजूला जाते हे टाचण्या लावून बघितलं, मंजुळाकाकूंकडून तपासून घेतलं, सुधीरकडून तपासून घेतलं आणि मगच टीप मारली. तांदळाच्या बाळाला फ्रॉक चढवला. थोपटलं, हलवलं, सुधीरने तर उलटं टांगलं. पाठ जागची हलली नाही. सुरेखाने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मंजुळाकाकूंना तो भिंतीपलीकडे ऐकू गेला.

रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवरून निघाले. पोलादपूर मागे टाकून आंबेनळीच्या वाटेला लागले आणि पुढे कुडपणचा चढ चढून पठारावर आले, तेव्हा हिवाळ्यातल्या वाऱ्याने दोघांच्या नाकांचे शेंडे लाल झाले होते. फ्रॉकची पेटी सुरेखाने सगळ्या रस्ताभर पोटाशी धरली होती. सुधीर नेहमीप्रमाणे पॅन्ट-शर्ट घालून निघाला होता. पण सुरेखानेच हट्ट करून त्याला नवा झब्बा-लेंगा घालायला लावला होता. फोटो निघायचे होते ना.

घर माणसांनी भरलं होतं. तेजश्रीच्या सासूबाई ठकूबाई देवीचा नैवेद्य घेऊन वरच्या देवळात गेल्या होत्या. त्यांच्या मागे सगळा कारभार त्यांच्या धाकट्या दिरांनी, महिपतीतात्यांनी हातात घेतला होता. तात्यांना कुणी कारभार दिला नव्हता, पण कुठल्याही कार्यात "आमच्यात असं असतं" हे वाक्य म्हणणारा एक माणूस लागतोच. तात्या ती जागा कधी रिकामी राहू देत नसत.

जावळ छान निघालं. मोरू न्हाव्याचा हात हलका. निशू मामाच्या मांडीवर बसून त्याच्या झब्ब्याचं बटण तोंडात घालायच्या उद्योगात रमली आणि डोकं गुळगुळीत होईपर्यंत तिला काही कळलंच नाही. आत्याने जावळ ओच्यात झेललं. आंघोळ झाली. पंच्यात गुंडाळलेली, कुडकुडणारी निशू पुन्हा मामाच्या मांडीवर आली. अंगणात पानं मांडून झाली होती आणि वड्यांचा वास घरभर फिरत होता. पाहुणे हात धुऊन तयार होते.

सुरेखाने पेटी उघडली. बायकांनी माना पुढे काढल्या.

"अगो बाय! काठ बघा काय सुरेख!"

फ्रॉक निशूच्या डोक्यातून सहज गेला. सुरेखाने पाठीमागे पट्टी दाबली. घट्ट बसली. निशूला ती दाबताना काहीतरी मजा वाटली असावी, ती खुदकन हसली. तेजश्रीने वहिनीचा हात दाबला. सुरेखाला वाटलं, झालं. सुटलो. आता जेवायचं.

"बंद कुठं हायत?" महिपतीतात्यांचा आवाज आला.

"बंद झालाय तात्या," सुरेखा म्हणाली. "ही बघा, पट्टी आहे."

"तो बंद नाय गो. बांधायचे बंद. आमच्यात मामानं पाठीवर बंद बांधायचा असतो. मामाच्या हातची गाठ पडली की मग पोर त्या कापडाची. त्याबिगर पंगत बसत नाय."

सुरेखाने सुधीरकडे पाहिलं. सुधीरने तेजश्रीकडे पाहिलं. तेजश्रीने नवऱ्याकडे, राहुलकडे पाहिलं. राहुल मुंबईत वाढलेला. त्याने मोबाईलकडे पाहिलं.

"मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, वहिनी," तेजश्री हळूच म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. नाडी नको असं तिनेच सांगितलं होतं, हे दोघींनाही आठवत होतं आणि दोघींनीही तो विषय काढला नाही.

"मग असं करू की," राहुल म्हणाला, "एखादी दोरी घेऊन बांधू. सिंपल आहे."

कुणीतरी गोठ्यातून दावं आणलं. निशूने ते पाहिलं आणि भोकाड पसरलं. कुणी देव्हाऱ्यातला लाल दोरा आणला. तात्यांनी हात वर केला. "मामाच्या घरचाच पायजे. ह्या घरचा दोरा बांधून काय उपेग? मग मामा आनलाच कशाला?"

हे तर्काला धरून होतं, हीच पंचाईत होती. सुरेखाने पिशवी उपसली. महाडहून आणलेला पेढ्यांचा डबा निघाला, रुमाल निघाला, पाण्याची बाटली निघाली. रुमालाने गाठ बसेना. पेढ्यांच्या डब्याला दोरी नव्हती, रबर होतं. सुधीरच्या पायात चपला, म्हणजे बुटाची नाडीही नाही.

"माझ्या परकराची नाडी चालेल का तात्या?" सुरेखाने लाजलज्जा बाजूला ठेवून विचारलं.

तात्यांनी गंभीरपणे विचार केला. "तू त्यांच्यात लगीन होऊन आल्येस. परकर तुझ्या म्हायेरचा असला तर?"

परकर माहेरचाच होता. पानं थंड होत होती. निशू रडून रडून लाल झाली होती. अंगणातले पुरुष एकमेकांकडे बघत होते आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालंच, "मामीनं घरी शिवलाय म्हनं." त्यावर चार माणसं हसली. सुरेखालाही सवयीने हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. एवढं सगळं करून पुन्हा तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मामाच्या अंगावरचं काय बी चालंल," तात्यांनी मोठ्या मनाने सवलत दिली. "पट्टा नाय का?"

"पॅन्ट घातली असती तर होता," सुधीर म्हणाला आणि त्याने बायकोकडे असं पाहिलं की सुरेखाने नजर खाली केली. नजर खाली गेली ती नेमकी लेंग्यावर. तिने वर पाहिलं. सुधीरला तिच्या डोळ्यांत काय आहे ते कळलं.

"नाही," तो म्हणाला.

"अहो, लेकरू रडतंय."

"सुरेखा, नाही!"

पण ती त्याच्या मागे जाऊन बसली होती. तिने पदर आडवा धरला. पुरुषांनी सभ्यपणे डोंगराकडे तोंडं फिरवली आणि बायकांनी पदर तोंडात कोंबले. झब्ब्याखालून पांढरी नाडी निघायला लागली आणि निघतच राहिली. दुकानदाराने एवढी नाडी का घातली होती कोण जाणे. सुधीर निशूला छातीशी धरून डोळे मिटून बसला होता.

"आता मी उठणार कसा?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"उठू नका."

"किती वेळ?"

"बघू."

नाडी फ्रॉकवरून निशूच्या पोटाभोवती फिरली आणि मामाने तिच्या पाठीवर फुलपाखरासारखी गाठ मारली. चिंतामणी फ्रॉकवर पांढरा पट्टा असा काही उठून दिसला की फोटोग्राफरने आपणहून आणखी फोटो घेतले. निशूला नाडीचं टोक सापडलं. ते तोंडात घालून ती गप्प झाली.

"हां! आता कसं!" तात्या म्हणाले. "बसा पानावर."

आणि मग विचित्रच झालं. बनुबाई म्हणून शेजारची एक म्हातारी होती, तिने डोळ्यांना पदर लावला. "मामानं अंगावरचं काढून दिलं गो," ती म्हणाली. "असा मामा मिळाय नशीब लागतं." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. आताच ज्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या, त्याच हळव्या झाल्या.

"चला मामा, पयल्या पानावर," तात्यांनी हुकूम सोडला.

"मी इथेच बसतो तात्या. निशूला घेऊन."

"लेकराला सोडवत नाय बघा त्याला!"

पान तिथेच आलं. सुधीर एका हाताने वडा आणि एका हाताने भाची सांभाळत जेवला. पहिली पंगत उठली, तो बसून होता. दुसरी बसली, तो बसून होता. निशू त्याच्या मांडीवर झोपली आणि झोपेतच तिने मामाचा नवा लेंगा ओला केला. तेजश्री धावली, "दादा, ऊठ, बदल तो."

"असू दे गं," सुधीर म्हणाला. "लेकरूच आहे. झोपमोड नको."

हे ऐकून तर बनुबाईने हुंदकाच दिला. ओल्या लेंग्यात पठारावरच्या वाऱ्यात बसलेला मामा अख्ख्या वाडीने येऊन बघितला. राहुलचे चुलतभाऊ आपापल्या बायकांच्या टोमण्यांना तोंड देत होते. "बघा, शिका जरा!" एवढंच ऐकू येत होतं.

शेवटी खीर वाढायच्या निमित्ताने सुरेखा त्याच्याजवळ गेली आणि मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन तिने त्याच्या हातात सरकवली.

"ही आधी का नाही दिलीस?"

"आत्ता आठवली."

सुधीरने आजूबाजूच्या माणसांकडे बघून हसून घेतलं. तो पिन लावून, एका हाताने पोट घट्ट धरून सावकाश उठला. तात्यांनी लांबून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "मामा पोटभर जेवला बघा."

दुपार कलल्यावर सुरेखा स्वयंपाकघरात भांडी लावायला गेली, तेव्हा ठकूबाई देवळातून येऊन चुलीशी टेकल्या होत्या. जागी झालेली निशू त्यांच्या मांडीवर होती. ठकूबाईंनी तिला पालथी केली आणि फ्रॉकच्या पाठीवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

"हितं बटनं व्हती," ठकूबाई म्हणाल्या. "हितं चेन. हे हुकाचं. हितं काय व्हतं गो?"

"टिचबटणं," सुरेखाने खालच्या आवाजात कबूल केलं. "मावशी, मला येत नाही शिवायला. मी उगीच बोलून बसले."

"ते दिसतंय." ठकूबाई हसल्या. "पन येवढ्या येळा उसवलंस नि परत शिवलंस. विकतचं आनून मोकळी झाली नायस. मला आवडला फ्रॉक." त्या क्षणी सुरेखाला एवढं बरं वाटलं की तिने धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. मग ठकूबाईंना नाडी दिसली. "आनि ह्ये काय बांधलाय?"

"बंद, मावशी. मामाने बांधायचा असतो ना तुमच्यात? तात्या म्हणाले."

"महिपती बोलला?" ठकूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगो, त्याच्या जावळाला बंदाचं झबलं व्हतं. कारन तवा ह्या डोंगरात बटनं मिळायची नायत! त्याला वाटतं ती रीतच हाय. रीत कसली त्याच्यात? चेन असती तरी चाललं असतं."

सुरेखा पातेलं हातात धरून उभी राहिली. ज्या चेनची मूठ आतून लागली होती तीसुद्धा चालली असती. तिला आधी रडावंसं वाटलं, मग सुधीरचा ओला लेंगा आठवला आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ठकूबाईही हसायला लागल्या.

"तात्यांना सांगायचं का?" डोळे पुसत सुरेखाने विचारलं.

"नको गो. पोरगी छान दिसते. आनि मामाला मान मिळाला तो मिळाला. ऱ्हाऊ दे."

म्हणून ते राहिलं. महाडला परत जाताना सगळा घाट सुधीरने एका हाताने पोट धरून गाडी चालवली. सेफ्टी पिन दोनदा उघडली होती. घरी आल्यावर सुरेखाने त्याला खरं सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "यापुढे फक्त पॅन्ट."

फोटो मात्र सुंदर आले. ते कुडपणभर फिरले, तिथून मुंबईला गेले आणि नाडीवाला मामा म्हणून सुधीर त्या खोऱ्यात चांगलाच ओळखीचा झाला. सुरेखाने मशीन पुसून झाकून ठेवलं. पुन्हा शिवणाचं नाव काढायचं नाही असं तिने ठरवलं आणि ते बऱ्यापैकी पाळलं.

पुढे उन्हाळ्यात एका संध्याकाळी सुधीरचा फोन वाजला. राहुलचा चुलतभाऊ दीपक बोलत होता. त्याच्या भाच्याचं जावळ होतं आणि तो मामा होता. सुधीरने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"सुधीरभाऊ, एक इचारायचं व्हतं," दीपक अडखळत म्हणाला. "त्ये लेंग्याच्या नाडीचं. नवी नाडी चालते का, का घातलेलीच लागते?"

त्याने फोन हाताने झाकला आणि बायकोकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तेजश्रीच्या सासरच्या माणसांनी एखाद्या कार्याबद्दल सुरेखाच्या घरी विचारलं होतं. ती भाजी निवडत होती. तिने एक देठ मोडला आणि शांतपणे म्हणाली,

"घातलेलीच. आणि सांगा, दुसरी पंगत उठेपर्यंत मामाने जागचं हलायचं नाही."

सुधीरने जसंच्या तसं सांगितलं.

"बराबर, बराबर," पलीकडून दीपक म्हणाला. "महिपतीतात्यापन तेच बोलले. आपल्यात पयल्यापासनं तसंच हाय म्हनून."